सहा सेकंदांची जागा

माझं गाणं मध्येच बंद पडतं, अशी तक्रार अजूनही येते. परवा लसीकरणाच्या दिवशी एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. सुई टोचून झाली, पोरगं रडून शांत झालं, आणि मग आजोबांनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाले, सिस्टर, तुमचं गाणं ह्याच्यात अडकून राहिलंय बगा. मी म्हटलं, अडकलं नाही, थांबलंय, जरा दम धरा. पण तोवर त्यांनी मोबाइल खिशात टाकला होता. मला राग आला. लसींच्या डब्यासमोर उभं राहून रागावणं बरं दिसत नाही, म्हणून तापाचं औषध कसं द्यायचं ते त्यांना दोनदा समजावलं आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

ती थांबलेली जागा गाण्यात कशी आली, ते एकदा नीट सांगून टाकते. निदान प्रत्येकाला वेगवेगळं सांगायची कटकट वाचेल.

मी डोंगरकडा गावाच्या बाजूच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. पण नोकरी लागायच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे नऊ वर्षांची असल्यापासून, मी बाबांच्या गायन पार्टीत गाते. जयंती, विहाराचा वर्धापनदिन, लग्न, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, जिथं बोलावतील तिथं. बाबा स्वतः गात नाहीत. ते पार्टीचे प्रमुख आणि निवेदक. माईक त्यांच्या हातात आला की आवाज असा काही बदलतो की घरी भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरणारा माणूस हाच का, असं वाटावं.

आमच्या कार्यक्रमांत एक रीत आहे. गाणं आवडलं की ऐकणारा उठतो, स्टेजजवळ येतो, बक्षिसाची नोट आणि नावाची चिठ्ठी निवेदकाच्या हातात देतो. अंतरा संपला की निवेदक हात वर करतो. ढोलकी थांबते, कीबोर्ड थांबतो, गाणारीनं तोंड मिटून उभं राहायचं. मग माईकवर त्या माणसाचं नाव, गाव, जमल्यास त्याच्या कर्तबगारीचे दोन शब्द. टाळ्या. त्यानंतर आम्ही पुन्हा धृपदापासून गाणं उचलायचं. पुढच्या अंतऱ्याला पुन्हा तेच. तीस वर्षं मी अशी गात आले. माझं एकही गाणं, खरंच एकही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग झालेलं नव्हतं.

लहानपणी मला ते काही वाटायचं नाही. उलट बरं होतं, तेवढ्यात पाणी पिता यायचं. पण चाळिशी जवळ आली तशी माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली. मला एक गाणं कुणीही न थांबवता म्हणायचं होतं. आणि तेही असं गाणं, जे हळू सुरू होतं, कानाशी बोलल्यासारखं, मग पायरी पायरीनं चढतं आणि शेवटच्या धृपदाला गाणारी छातीत असेल नसेल तेवढा आवाज सोडून देते. हिंगोलीला ट्रेनिंगला जाताना एसटीत मी कानात इअरफोन घालून असली गाणी ऐकायचे. बाजूच्या बायका विचारायच्या, सिस्टर, डोळ्यात काही गेलं का. असल्या गाण्याला मध्ये थांबवणं म्हणजे उकळी येत आलेलं दूध खाली उतरवणं. पुन्हा ठेवलं तरी ती उकळी काही येत नाही.

शब्द मात्र मला आयते मिळाले. एका दुपारी उपकेंद्रात एक पहिलटकरीण आली होती. पुढे न्यायची गाडी यायला वेळ होता. चार तास ती माझं मनगट धरून बसली होती आणि मी एकच वाक्य म्हणत होते, मी इथंच आहे. दुसरं काही सुचतच नव्हतं. तिला पाणी पाजताना तेच, पोटावर हात ठेवताना तेच. गाडी आली, ती गेली, मुलगी झाल्याचा निरोप आला. मी हात धुवायला नळाखाली धरला तर मनगटावर तिच्या नखांचे वळ होते, आणि ते वाक्य तोंडात चालीसकट फिरत होतं.

*दार उघडंच ठेवलंय, उंबऱ्यात मी आहे,*
*अंधारून आलं तरी मी इथंच आहे.*

माझ्या लग्नानंतर बाबा आमच्याकडेच राहतात. घरी येऊन त्यांना म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. चाल चांगली आहे म्हणाले. मग विचारलं, नाव घ्यायला जागा कुठं ठेवली? मी म्हटलं, ठेवली नाही, ठेवायचीही नाही. हे गाणं सलग होणार.

बाबांनी डोळे उघडले. आमचं भांडण झालं, आणि ते भांडण मला नीट लिहिलं पाहिजे, कारण त्यात मी अर्धीच बरोबर होते. मी म्हणाले, तुम्हाला गाण्यापेक्षा चिठ्ठ्या प्यारी आहेत. ते म्हणाले, "माय, ज्या माणसाला गावात 'अरे'शिवाय कुणी हाक मारली न्हाई, त्याचं नाव म्या माईकवर आयुष्मान लावून घेतो. चार गल्ल्या ऐकतात. त्याच्यासाठी तुझं गाणं थोडं थांबलं तर काय बिघडलं?"

आयुष्मान हा आमच्यात नावाआधी लावायचा मान. बाबांनी सालगडी म्हणून राबणाऱ्यांची नावं घेतली आहेत, वीटभट्टीवरच्यांची घेतली आहेत, नाव ऐकून मंडपातच रडलेली माणसं मी पाहिली आहेत. हे सगळं खरं होतं. पण माझंही खोटं नव्हतं ना. मी म्हटलं, बघू, आणि दुसऱ्या दिवशी वसमतच्या स्टुडिओवाल्याला फोन केला.

हा स्टुडिओ म्हणजे एका गाळ्याच्या वरची खोली. भिंतींना गोधड्या टांगलेल्या. तो मुलगा, मुलगा कसला, दोन लेकरांचा बाप, पण मला मुलगाच वाटतो, तो बहुतेक डीजेची गाणी आणि वाढदिवसाची गाणी करतो. माझं गाणं ऐकून म्हणाला, ताई, असलं आपल्याकडं कुणी केलं न्हाई. म्हटलं, म्हणूनच करायचं. अडचण एकच होती. शेजारी हळद पॉलिश करायचा मोठा ड्रम होता, तो फिरायला लागला की गोधड्यांसकट खोली थरथरायची. त्यामुळे रेकॉर्डिंग फक्त हमाल जेवायला बसत तेवढ्या तासाभरात. ड्रम थांबला की तो खिडकीतून खाली बघायचा, मला खूण करायचा, पंखा बंद करायचा आणि मी घामाघूम होऊन गायचे.

पहिला अंतरा झाला. दुसरा अंतरा झाला. त्याच्या शेवटच्या शब्दावरून उडी घेऊन, श्वास न तोडता, मला शेवटच्या मोठ्या धृपदात जायचं होतं. सगळं गाणं त्या उडीसाठीच होतं. आणि तिथं मी गप्प झाले. कानात ट्रॅक पुढे चाललेला, मी तोंड मिटून उभी. पुन्हा घेतलं. पुन्हा गप्प. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. मला वाटलं दम कमी पडतोय. पाणी प्याले, पदर खोचला, पुन्हा उभी राहिले.

पाचव्यांदा त्यानं ट्रॅक बंद केला आणि हेडफोन काढून विचारलं, "ताई, तुमी हितंच काहून थांबून राहिल्या? आन् थांबल्यावर डावीकडं कुणाकडं बगता?"

डावीकडं. स्टेजवर बाबा माझ्या डावीकडे उभे असतात.

मी स्टुलावर बसले. कुणी हात वर केला नव्हता, कुणी चिठ्ठी आणली नव्हती, त्या खोलीत आम्ही दोघं आणि आठ-दहा गोधड्या. तरी मी नावासाठी थांबत होते. तीस वर्षं दुसऱ्यांनी थांबवलं म्हणून ओरडत होते आणि आता माझं मीच थांबत होते. आधी हसू आलं. मग स्वतःची इतकी चीड आली की रडले. तो बिचारा खिडकीतून ड्रमकडे बघत राहिला.

तीन दिवस तसेच गेले. रोज हमालांच्या जेवायच्या सुट्टीत मी वसमतला, रजा टाकून. रोज त्याच जागी गप्प. तो म्हणाला, पुढचा तुकडा वेगळा गा, मी जोडून देतो, कुणाला कळणार न्हाई. सगळे तसंच करतात म्हणे. मी म्हटलं, मला कळेल. चौथ्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या माझं ठरलं. गळा थांबतोय तर थांबू दे. पण मग सगळ्यांनी थांबायचं. कीबोर्ड, ढोल, तारा, सगळं. कुणाचं नाव नाही, टाळी नाही, निव्वळ गप्प. आणि कुणाच्या हाताच्या खुणेवर नाही, माझ्या मनानं मी पुन्हा सुरू करायचं, तेही धृपदाच्या सगळ्यात वरच्या सुरावर. त्यानं मोजलं, सहा सेकंद होत होते. त्या दिवशी एका दमात, पहिल्या फटक्यात गाणं झालं. खाली ड्रम सुरू झाला तेव्हा शेवटचा सूर नुकताच संपला होता.

गाणं एका रविवारी सकाळी दहा वाजता बाहेर आलं. पोस्टर नवऱ्यानं केलं. त्यात माझा ओळखपत्रावरचा फोटो, मागे सूर्यफुलं, आणि खाली बारा शुभेच्छुकांची नावं. वाढदिवसाच्या बॅनरवर असतात तशी. मी म्हटलं, हे काय, गाण्याला कुठं शुभेच्छुक असतात. तो म्हणाला, नावं काढली तर ग्रुपवर कुणी पुढं पाठवणार नाही. आणि तो बरोबर निघाला, याचं मला अजून दुःख आहे. बाराच्या बारा जणांनी पोस्टर सगळीकडे पाठवलं. गाणं त्यातल्या तिघांनी ऐकलं.

ग्रुपांवर फुलं आली, अंगठे आले, खूप खूप अभिनंदन आलं. गाणं बाहेर येऊन एक मिनिट झालेलं असताना 'अप्रतिम, शेवट फार आवडला' असंही आलं, आणि गाणं पाच मिनिटांचं आहे. मग खरं ऐकलेल्यांचे निरोप सुरू झाले. गाणं मध्येच तुटतंय, परत टाका. आमच्याकडं नेट गेलं वाटतं. केंद्रातल्या एका आशा कार्यकर्तीनं विचारलं की यावर लेझीम बसेल का. सेनगावच्या नणंदेनं फोन करून आवाजाचं कौतुक केलं आणि मग हळूच विचारलं, वहिनी, कुणासाठी लिहिलं हो? कोण निघून गेलं? दोन दिवसांत ती गोष्ट अशी पसरली की नवरा दुकानात गेला तरी लोक त्याच्याकडे दयेनं बघायला लागले. तो म्हणाला, मी तर कुठंच गेलो नाही, इथंच आहे. मी म्हटलं, ती ओळ माझी आहे, तू वापरू नको.

आठवड्यानंतर स्टुडिओवाल्यानं मला मोबाइलवर एक रेघ दाखवली. लोक गाणं कुठपर्यंत ऐकतात ते तिच्यावरून कळतं. रेघ सरळ चालली होती आणि एका जागी धाडकन खाली पडली होती. कुठं, ते सांगायला नको. लोकांना वाटत होतं गाणं संपलं. शेवटचं धृपद, ज्याच्यासाठी मी एवढा खटाटोप केला, ते जवळपास कुणीच ऐकलं नव्हतं. माझं सलग गाणं आता लोक आपणहून तोडत होते. तो म्हणाला, ताई, जागा बुजवून परत टाकतो, पाच मिनिटांचं काम आहे. शिवाय एका डीजेवाल्याला खाली ठोका टाकून वरातीसाठी हवंय. मी रात्रभर विचार वगैरे केला नाही. तिथंच म्हटलं, नाही. जागा राहील. ऐकायचं त्यानं सहा सेकंद थांबावं. मी तीस वर्षं थांबले आहे.

बोलायला सोपं होतं. एकदा तरी, एका तरी माणसाला, ते गाणं पूर्ण ऐकवायचं होतं मला, आणि ते होईल असं दिसत नव्हतं.

मग डोंगरकड्याहून एक सून आली. माझ्या मनगटावर वळ उठवणारी तीच. मुलगी कडेवर होती, दीड वर्षाची. तिचे सासरे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त होत होते, त्यांच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला बाबांची पार्टी ठरली होती. ती म्हणाली, सिस्टर, तुमी त्या दिवशी तुमचं 'मी इथंच आहे' म्हणा. मी विचारलं, तू ऐकलंस? व्हय, म्हणाली, पुरतं ऐकलं, मधी गप्प होतं तितं मला वाटलं आता कळ येती. कुणासाठी लिहिलं, हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती तिला.

बाबांना सांगितलं तेव्हा ते तांदूळ निवडत होते. म्हणाले, म्हण. पण चिठ्ठी आली तर मी थांबवणार. मी म्हटलं, थांबवा, मी थांबणार नाही. चार दिवस आम्ही एकमेकांशी भाजी-भाकरीपुरतंच बोललो.

कार्यक्रम दुपारी मंगल कार्यालयात होता. जेवणं झालेली, माणसं सुस्तावलेली, पंखे गरगरत होते. समोर मास्तर फेट्यात बसले होते, शेजारी त्यांच्या घरची मंडळी, मागे सगळं गाव. सुरुवातीच्या तीन गाण्यांना बाबांनी नेहमीसारखी नावं घेतली. चौथं माझं. कीबोर्ड हळू सुरू झाला. पहिल्या अंतऱ्याला माणसांनी एकमेकांकडे बघितलं, हे काय चाललंय म्हणून. दुसऱ्या अंतऱ्यात एक जण उठला. मग दुसरा. स्टेजजवळ चार-पाच जण जमले, चिठ्ठ्या पुढे करत. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून बाबांचा हात चिठ्ठ्या घेताना दिसत होता. अंतऱ्याचा शेवटचा शब्द आला. मी गप्प झाले. सगळं थांबलं.

बाबांचा हात वर गेला. हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार. पुढच्या रांगेतले टाळ्या वाजवायला सरसावले. मी डावीकडे पाहिलं.

बाबांच्या दुसऱ्या हातात माईक होता, पण तो त्यांनी खाली, मांडीपाशी धरला होता. वर केलेला हात माझ्यासाठी नव्हता. तो ऐकणाऱ्यांकडे होता. तळवा उघडा, गप्प राहा म्हणून. सहा सेकंद तो माणूस चिठ्ठ्या मुठीत धरून, ओठ घट्ट मिटून उभा होता. त्या हॉलमध्ये मी फक्त पंखे ऐकले. मग मी वरचा सूर लावला, आणि जेवढा होता तेवढा आवाज सोडून दिला. गाणं शेवटपर्यंत गेलं. कुणी थांबवलं नाही. सुनेच्या कडेवरची मुलगी दचकून रडायला लागली आणि तिची आई हसत होती, रडत होती, दोन्ही.

टाळ्या संपल्यावर बाबांनी माईक वर घेतला. एकही चिठ्ठी त्यांनी गाळली नाही. आयुष्मान अमुक, श्रीमान तमुक, गाव, मानाचे शब्द, सगळं बराबर, अजिबात घाई नाही. शेवटची चिठ्ठी झाली. मला वाटलं झालं, मी पाण्याच्या बाटलीकडे वळले. तर बाबांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, एक नोट काढली आणि माईक तोंडाशी धरला. पण नेहमीचा भारदस्त आवाज लागला नाही. घरातला लागला, मिठावरून कुरकुरणारा.

त्यांनी 'आयुष्मान' म्हटलं, आणि पुढे स्वतःचं नाव घेतलं. तीस वर्षांत ते नाव मी माईकवर कधी ऐकलं नव्हतं. गावाचं नाव घेतलं. मग जरा थांबून म्हणाले, "ह्यांनी आज पूर्ण गाणं ऐकलं."